तिसरा सिनेमा अर्धाच राहिला

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥
दिंद्रुड, ३ फेब्रुवारी २०२५

चि. राजेश्वर यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

छाती दुखली म्हणून तुला बीडला नेल्याचं काल कळलं. फोनवर मोकळं बोलता येत नाही. तुझ्या फोनला तुझ्या बायकोचा, कावेरीचा कान आणि माझ्या फोनला सुनेचा, म्हणून लिहिते.

तू सात वर्षांचा असताना विषमज्वराने एकवीस दिवस पडला होतास. तेव्हाच आपल्या तलवाड्यात तंबूतला सिनेमा आला होता. मी अजून एकही बघितला नव्हता, जीव नुसता तळमळत होता. तरी मन्मथस्वामींना नवस बोलले की, भावाला उठवा, मी जन्मात सिनेमा बघणार नाही. तू उठलास. पुढे घरात टीव्ही आला, तरी सिनेमा लागला की मी भाकरी थापायला उठते. लोक मला सोवळी म्हणतात, म्हणोत बापडे.

पण गेल्या महिन्यात पाय मोडला. पाय प्लास्टरमध्ये, समोर टीव्ही, उठायची सोय नाही. रुचिकाला, सुनेला, नवसाचं काय ठाऊक? तिने मायेने सिनेमा लावला. पहिला मारामारीचा. मी डोळे मिटले, मग एक उघडला. नायकाने चाळीस माणसं लोळवली, पण भांग विस्कटला नाही! दुसऱ्यात एक सून सासूचं सगळं निमूट ऐकते. मी तिच्यावर ओरडत होते, अगं बोल की! शेवटी रुचिकाने समजावलं की टीव्हीतल्या बाईला आपलं ऐकू जात नाही.

तिसरा मात्र मी तोंडाने मागितला. हेच माझं पाप. एसटीतली कंडक्टर बाई, गाडीत कुणी टाकून गेलेलं बाळ, आणि ही त्याच्या आईला शोधत गावोगाव फिरते. ऐन मध्यावर कावेरीचा फोन आला. टीव्ही बंद केला, तो अजून लावलेला नाही.

माझ्यामुळेच झालं रे. कावेरी नुसतं बरं आहे म्हणते. तपासणीत काय निघालं ते खरं लिही. रागावलास तरी लोभ राहू दे.

तुझी
शिवगंगाअक्का

॥ श्री ॥
तलवाडा, १० फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास राजेश्वरचा शि. सा. नमस्कार.

रिपोर्टची प्रत सोबत आहे. नळी घालून बघितलं, हृदय ठणठणीत. दुखलं ते पित्ताने. बाजारात उभ्या-उभ्या सोळा मिरची भजी खाल्ली होती. हा आकडा कावेरीला कळू देऊ नकोस. तेव्हा मला सिनेमाने नाही, भज्यांनी पाडलं.

आता माझं पाप ऐक. तुझ्या लग्नाच्या वर्षी आईने मठातल्या स्वामींना तुझ्या नवसाचं विचारलं होतं. ते म्हणाले, लेकराने भीतीपोटी घेतलेली आण देव धरत न्हाई, कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीपुढं नारळ वाढवा आन् पोरीला मोकळं करा. आईने नारळ वाढवला, मी सोबत होतो. येताना तिने बजावलं की अक्काला सांगू नको, तिचं सासर लई कडक हाय, पोरगी सिनेमाला पळाली तर नावं ठेवतील.

आई गेल्यावर तरी मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण मला ते आवडायचं. दुकानात दिवस वाईट गेला की मनात यायचं, जगात एक माणूस आहे ज्याने माझ्यासाठी आवडती गोष्ट सोडलीय. स्वार्थ होता, अक्का. भेटशील तेव्हा दोन चापट्या मार, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा
राजेश्वर

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥
दिंद्रुड, १७ फेब्रुवारी २०२५

चि. राजेश्वर यास आशीर्वाद, पण या वेळी थोडे कमी.

पत्र वाचून आधी हुश्श झालं. रिपोर्ट देव्हाऱ्यात ठेवला आणि पोटभर रडले. मग राग आला. चाळीस वर्षं भाकरी थापल्या रे मी! सासरच्यांना वाटायचं, हिला कामाची केवढी हौस. दोन दिवस मनातल्या मनात तुझ्याशी भांडले.

पण खरं सांगू? आईने तेव्हा सांगितलं असतं, तरी मी बघितला नसता. तू दर हिवाळ्यात खोकायचास.

शुक्रवारी प्लास्टर निघतंय. त्या बाळाची आई सापडते का, हे रुचिकाला ठाऊक आहे, पण मी तिला तोंड उघडू दिलेलं नाही. रविवारी तू ये. पुढचा अर्धा आपण दोघं मिळून बघू. भजी मिळणार नाहीत. बाकी लोभ आहे तसाच आहे, तो कुठे जातोय?

तुझी
अक्का