नरम व्हायचा कोसा

।। श्री ।।
सानगडी, ८ जुलै १९७९

तीर्थस्वरूप मनकर्णा आत्यास,
चंद्रकलाचा शि. सा. न. वि. वि.

एका बाईला जन्मभरात किती कापडं पुरतात? काल सहावीच्या मुली नकाशा काढत होत्या आणि मी खिडकीशी उभी राहून हाच विचार करत होते. घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही सगळे मला मिरवता, पण या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, हे तुझ्यापाशी कबूल करते.

तू विचारलंस, नोकरीला वर्ष झालं, पेटीत साड्या किती? तीन. तिन्ही सुती, हातमागाच्या, बारीक काठाच्या. आमच्या शाळेतल्या बायजाबाई दर सणाला नायलॉनची नवी साडी घेतात, पंजाएवढ्या फुलांची. वर्षभरात त्या फुलांची चाल जाते आणि साडी पेटीच्या तळाशी. मला तसं नको. मोजकंच हवं, पण वीस वर्षांनी काढलं तरी कोणी म्हणू नये की हे अमक्या सालातलं.

चौथं वस्त्र ठरलं आहे. आंधळगावच्या सेवकराम विणकरांना कोशाच्या रेशमाची साडी सांगून आले. पाच वार, करवती काठ, वरून रंग द्यायचा नाही, कोशाचा मूळचा मधासारखा रंग तोच राहू द्यायचा. त्यांनी त्यांच्या आजोबांनी विणलेला एक जुना तुकडा दाखवला. आत्या, संध्याकाळी आपल्या तलावावर ऊन उतरतं ना, ते घडी करून कोणी हातात द्यावं तसं वाटलं. तेव्हापासून मी त्या साडीतच वावरते आहे. कधी चाळिशीची असते, कधी साठीची, केस पांढरे झालेले, आणि अंगावर तीच. पोळा झाला की ते मागावर उभ्या धाग्यांचा ताणा चढवतील आणि दिवाळीला देतील.

पुन्हा कुठं माझा सत्कार झाला तर तीच नेसेन. फेब्रुवारीत कॉलेजनं भंडाऱ्याला आम्हा पदवीधर मुलींना बोलावलं, तेव्हा आईला येता आलं नाही, शेतातली लाखोळी उपटायची राहिली होती. पुढच्या वेळी तिला आधीच सांगून ठेवीन.

पोलकं तूच शिव. कोपरापर्यंत बाही, फुगा नको, झालर नको. इतकं साधं शिवायला तुझी मशीन रुसणार नाही ना?

माया आहे तशी ठेव. ती कितीदा धुतली तरी विटत नाही, हा माझा अनुभव.
तुझी भाची,
चंद्रकला


तुमसर, १९ जुलै १९७९

चि. चंद्रकलाले आत्याचे लय लय आशीर्वाद.

मले तुह्यासारखं पुस्तकी लिवता येत नाई, बोलते तसंच लिवून राहिली. तुहं पत्र वाचून मी अन् शेजारची वच्छला लय हासलो. चार कापडांत जनम काढीन मनते पोट्टी! पाह्याले आलेल्या पाव्हण्याइनं पेटी उघडाले लावली तं काय दाखवशीन, नकाशा? पोलकं शिवून देईन. पण साधं शिवणंच कठीण असते वो बाई. झालर लावली का चुका झाकून जातेत.

आता एक गोष्ट. पाच महिने पोटात ठेवली, आता रायवत नाई. तुही माय लाखोळीपायी नोती थांबली. त्या दिवशी वयनी माह्यासंगं भंडाऱ्याले आलती, कॉलेजच्या फाटकापावतर. तुले मालूम आहे, लगन असो का बारसं, वयनी सुमनबाई पाटलीनीचं कोशाचं लुगडं मांगून नेसते. त्या रोजी ते दुसरीनं नेलतं. म्हून घरचंच नेसली, पाठीवर ठिगळ, अन् वरून पदर घट्ट ओढलेला. फाटकातून आत पाह्यलं तं साऱ्या पोरींच्या माया झकपक. मले मने, मनकर्णा, माह्या पोरीचं नाव पुकारतीन तवा सारे मागं वळून पाहतीन का इची माय कोन. मी लय ओढलं तिले. नाई आली. बाहेर लिंबाखाली बसून टाळ्या आयकल्या अन् मोटारीनं वापस गेली. तुले सांगू नोको मने. म्या सांगून टाकलं.

रडू नोको. येळेवर जेवत जाय. आपला लोभ तं हायेच, तो काही कोनाचा मांगून आणलेला नाई.
तुही आत्या


सानगडी, २७ जुलै १९७९

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्या दिवशी माझं नाव पुकारलं तेव्हा मी खरंच दाराकडे पाहिलं होतं. दारात कोणी नव्हतं. आणि ती भिंतीपलीकडे होती.

तेव्हाच लुगडं घेऊन गावी निघाले असते. पण माझ्या पहिल्या पगाराच्या लुगड्याचं काय झालं ते तू पाहिलंस. आईनं त्याला हळद-कुंकू लावलं आणि घडी न मोडता तुझ्या हातात दिलं. लेकीच्या कमाईचं अंगाले लावू नाई, म्हणाली. बाबांनी समजावलं. मी तर मुलगा आणि मुलगी सारखेच यावर भाषण दिलं. ती सगळं शांतपणे ऐकून म्हणाली की तुहं बराबर हाय बाई, आणि भात उतरवायला चुलीपाशी गेली.

मी माझ्या चार वस्त्रांची एवढी स्वप्नं पाहिली. आईचं, लोकांत नेसून जावं असं एकही नाही, हे मात्र मला बावीस वर्षांत दिसलं नाही. मी वर्गात मुलींना म्हणते, नीट निरखून पाहा.

पोळ्यापर्यंत वेळ आहे. एकदा ताणा चढला की लांबी बदलता येत नाही. मी विकत आणलं तर ती नेसणार नाही, आणि नाही आणलं तर पुन्हा लिंबाखाली बसेल. काय करू, सांग. उत्तराकडे डोळे लावून बसले आहे.
चंद्रकला


तुमसर, ५ ऑगस्ट १९७९

चि. चंद्रकलाले आशीर्वाद. कार्डावर जागा कमी म्हून थोडक्यात. नवा कोसा कडक रायते, चालताना करकर वाजते, अंगाले टोचते. नेसून नेसूनच नरम होते. माही सासू नवं लुगडं आधी मलेच नेसाले देत होती. मने वर्सभर तू वापर, मंग मले वापस कर. लेकीची वस्तू घ्याची नाई, हे खरं. पण लेकीचं काम कराले कोनं मनाई केली? ग्रॅज्युएट हायेस, बाकीचं तू पाह्य. दोन ओळी टाकजो.
आत्या


।। श्री ।।
सानगडी, २ नोव्हेंबर १९७९

तीर्थस्वरूप आत्यास,
चंद्रकलाचा शि. सा. न. वि. वि.

दोन ओळी टाकायला तीन महिने लावले, रागावू नकोस. आधी करून मोकळी झाले, मग लिहायला बसले.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी आंधळगावला गेले. मागावर अजून सूत चढलं नव्हतं. पाचाचे नऊ वार करा म्हटल्यावर सेवकरामजींनी चष्मा कपाळावर नेला आणि विचारलं की मास्तरीणबाई, आता शाळेत काष्टा घालून जाणार का? मी हसले. काठ तोच ठेवला, रंगही तोच. दिवाळीच्या दोन दिवस आधी लुगडं हातात आलं. परतीच्या मोटारीत मांडीवर घेऊन बसले. बाहेर कापणीला आलेले धान आणि मांडीवरचं ते कापड एकाच रंगाचे होते. साकोली कधी आली ते कळलंच नाही.

भाऊबीजेच्या सकाळी ते आईपुढं ठेवलं. सांगितलं की हे माझं आहे, तुझ्यासाठी नाही. पण फार कडक आहे, मला टोचतं. तुझ्या अंगाला सवय आहे, तू नेसून नरम करून दे. तिनं विचारलं की तू तं पाचवारी नेसतेस, मंग नऊ वार काहून? मी म्हटलं, म्हातारपणी नेसेन. आत्या, हे मी खोटं बोलले नाही.

तिनं घडी उचलून मांडीवर घेतली. मग कुठं कुठं नेसायचं, एवढंच विचारलं. मी सांगितलं, जिथं चार लोक असतील तिथं, घरात नेसून नरम होत नाही. आणि पुढच्या महिन्यात आमच्या शाळेचं संमेलन आहे, तिथून सुरुवात कर. बाबा ओसरीवरून म्हणाले की सकाळची मोटार बरी पडेल.

तू पोलकं शिवायला घेतलं असशील तर ठेवून दे. आधी एक चोळी शिव. आईचं माप तुझ्याकडे आहेच. माझ्या पेटीत साड्या तीनच आहेत आणि त्या मला पुरतात.

निघताना आईला बजावलं की नरम झालं की मी परत मागेन. तिनं पदर दोन बोटांत धरून चोळून पाहिला, पुन्हा चोळला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली की याले तं लय वर्सं लागतीन वो. मला घाई नाही, असं सांगून मी ते तिच्या पेटीत ठेवलं, पेटीची कडी लावली आणि मोटार धरली.

तुझा लोभ आम्हा दोघींवर सारखाच राहू दे.
तुझी,
चंद्रकला