बेडूक आणि पिवळी कॉलर

३ फेब्रुवारी

ती. मावशीस, शि. सा. न. वि. वि. (साष्टांग सध्या कागदावरच, गुडघा अजून दुखतो.)

फोनवर मी नुसतं हं हं करते असं तुझं म्हणणं, म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यावरचा माझा वर्ग जोरात चालला आहे. वाचनालयामागची खोली, नऊ जुने कॉम्प्युटर आणि चौदा मुलं. दोन कॉम्प्युटर इतके घरघरतात की मला ओरडून बोलावं लागतं. मुलं येतात व्हिडिओ गेम खेळायला, मी त्यांना तो बनवायला लावते. प्रोग्रॅमिंग त्यातूनच शिकतात. एरवी गणिताच्या नावाने नाक मुरडणारी पोरं, बेडकाची उडी किती उंच हे ठरवायला मुकाट्याने भागाकार करतात!

पण मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, हे पटत नाही. खेळायला घरं आहेत, त्यासाठी खोली कशाला अडवायची, म्हणतात. सत्तावीस तारखेला मुलांनी पालकांसमोर आपापले गेम दाखवायचे. ते बघून त्या ठरवणार, वर्ग राहणार की तिथे मोडकी बाकं जाणार. मी वर्ग बंद होऊ देणार नाही, सांगून ठेवते.

घोर आहे तो एकीचा. ऊठसूट 'का?' विचारते म्हणून तिला सगळे का-बाई म्हणतात. सगळ्यांत हुशार, आणि नेमका तिचाच बेडूक सरकत्या फळीवरून दर वेळी पाण्यात पडतो. मला चूक दिसते, तिला दिसत नाही. तू काय केलं असतंस?

गुडघ्यासह तुझीच,
भाची

९ फेब्रुवारी

चि. भाचीस, अ. उ. आ., त्यातला एक गुडघ्याला चोळ.

बेडूक, फळ्या, काय काय चाललंय गं तुमचं! पण शिकवणं सगळीकडे सारखंच. तीस वर्षं शिवणवर्ग चालवला मी. शिकवताना आपले हात पाठीमागे ठेवावेत, सुई शिकणारीच्याच हातात राहू द्यावी, हा माझा नियम. पण प्रदर्शन तोंडावर आलं की एखादा टाका आपण घालावा. कुणाला कळतंय? पोरीचं कौतुक होतं, तिला हुरूप येतो.

तू दहा वर्षांची असताना शिवलेला तो पिवळा फ्रॉक आठवतो ना? पहिलं बक्षीस! अजून माझ्या कपाटात आहे. मग तू सुई का टाकलीस, ते मला आजतागायत कळलं नाही. असो. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावलेली,
मावशी

१६ फेब्रुवारी

ती. मावशीस, नमस्कार. आज लांबण लावत नाही.

तुझं ऐकलं आणि तोंडघशी पडले. मुलं यायच्या आधी मी का-बाईचा गेम उघडला. फळी सरकायच्या आधीच बेडूक फळीवर आहे का हे तपासलं जात होतं, म्हणून तो बुडायचा. दोन ओळींची अदलाबदल केली. तेवढ्यावर थांबायचं, तर नाही! चार ओळी नीटनेटक्या करून ठेवल्या. तिने बेडकाचं नाव ठेवलं होतं 'आळशी'. मी सवयीने तिथे 'खेळाडू' लिहिलं.

तिने आल्या आल्या ओळखलं. हे कुणी केलं, विचारलं. आणि मी, इतकी मोठी बाई, म्हणाले की कॉम्प्युटर जुना आहे, कधी कधी असं होतं. तिने सगळा गेम पुसून टाकला आणि दप्तर उचललं. चार दिवस आली नाही.

मावशी, आता सांगतेच. त्या फ्रॉकची कॉलर तू पुन्हा शिवलीस, हे मला तेव्हाच कळलं होतं. माझे टाके वाकडे होते, बक्षीस मिळालेले सरळ. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून सुई टाकली. तुझ्यावर राग नाही गं. पण तेच मी त्या पोरीच्या बाबतीत केलं, ह्याचा स्वतःवर फार आहे. उद्या तिच्या घरी जाणार आहे. दार लावलं तर परवा पुन्हा जाईन.

तुझी,
भाची

२० फेब्रुवारी

चि. भाचीस, आशीर्वाद नेहमीचेच, लिहिणारी मात्र जरा खाली मान घातलेली.

पत्र तीनदा वाचलं. इतकी वर्षं मी तो फ्रॉक येईल-जाईल त्याला दाखवत होते. चुकलं माझं. त्या पोरीची माफी मागशील ती साऱ्या वर्गासमोर माग, कानाकोपऱ्यात नको.

सोबत फ्रॉक पाठवते आहे. कॉलर मी उसवली आहे, सुईदोरा खिशात आहे.

तुझी, अजून तुझीच ना?
मावशी

२८ फेब्रुवारी

ती. मावशीस, शि. सा. न. वि. वि. आणि हो, तुझीच! वेडी कुठली.

का-बाईने दार दोनदा लावलं, तिसऱ्यांदा उघडलं. दुसऱ्या दिवशी, तुझं पत्र यायच्या आधीच, वर्गासमोर मी खोटं बोलल्याचं सांगितलं. तिने अट घातली, की तिच्या कॉम्प्युटरपाशी येताना मी हात पाठीमागे ठेवायचे. तुझा नियम तिला कुणी सांगितला कोण जाणे! सात दिवसांत तिने सगळं नव्याने लिहिलं. प्रदर्शनात पडद्यावर आळशी आला, उडी मारली आणि थेट पाण्यात. पालक हसले. मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझे हात पाठीमागे नुसते शिवशिवत होते, पण हलवले नाहीत.

तिने शांतपणे पडद्यावर ओळी उघडल्या आणि एकेक मोठ्याने वाचू लागली. मध्येच थांबली. स्वतःशीच पुटपुटली, की फळी सरकण्याआधी का तपासतोय आपण? ओळी वरखाली केल्या. आळशी फळीवर उभा! मोठ्या बाईंनी विचारलं, की हे ताईंनी, म्हणजे मी, शिकवलं का? ती म्हणाली, की ताईंना विचारलं तर त्या काही सांगतच नाहीत. मोठ्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, की बाकं दुसरीकडे ठेवू.

आज सकाळी कॉलर बसवली. एका बाजूला चढली आहे, तीन ठिकाणी चुण्या पडल्या आहेत. फ्रॉक परत पाठवते आहे, येईल-जाईल त्याला दाखव. आणि बघताना हात पाठीमागे.

तुझी शिवणवर्गातली जुनी विद्यार्थिनी,
भाची