अर्धी मात्रा मागे

आबा, आज दुपारपासून तुमचा एकच शब्द मी माउसने पुढे-मागे सरकवत बसले आहे. शाळा सुटली, मुलं गेली, संगीताच्या खोलीत मी आणि कॉम्प्युटर. तुमच्या वेळी हे नव्हतं. एक सॉफ्टवेअर असतं, त्यात पडद्यावर पाच रेघा येतात, रेघांवर सूर मांडायचे आणि प्रत्येक सुराखाली गाण्याचं एकेक अक्षर टाइप करायचं. मी इथे कीबोर्ड शिकवते, मुलांचे धडे यातच करते. आता आपल्या विहारातली मंडळी तुमच्या गाण्यांचं पुस्तक काढताहेत, सुरांसकट, म्हणून काम माझ्याकडे आलं. शब्द गुजराती लिपीतही द्यायचेत, कारण इथल्या गुजराती शाळांत शिकणाऱ्या वस्तीतल्या पोरांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. तुम्ही हे ऐकून चिडला असतात. मीही चिडले, आणि मग मुकाट्याने दोन्ही लिप्यांत टाइप केलं.

सूर टाकले की हे सॉफ्टवेअर जागा वाचवायला सगळं आवळून घेतं. अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढतात, ‘माझ्या’तला ‘झ्या’ पुढच्या ‘ले’ला ढकलतो. मग एका ओळीतलं थोडं खालच्या ओळीत ढकलायचं, दाटीने वाळत घातलेले कपडे दोरीवर एकेक सरकवावेत तशी अक्षरं सुटी करायची. हे मला छान जमतं. अडले ते ‘पाटी माझ्या लेकीची’पाशी. मी पहिलीत गेले तेव्हा तुम्ही रचलेलं गाणं. कॅसेट पांडेसऱ्याच्या आपल्या खोलीतली, तालमीची. मागे भांडी वाजलेलीही ऐकू येतात. ढोलकीची थाप पडते आणि ‘लेकीची’ हा शब्द त्या थापेवर येत नाही, अर्धी मात्रा मागून येतो. पहिल्या कडव्यात मागे, दुसऱ्यातही मागे. पाचही कडव्यांत मी मोजलं, अंतर तेवढंच.

पुस्तक निघेल त्या दिवशी हे गाणं ढोलकीवाल्या काकांची नात म्हणणार आहे. काका जाऊन बरीच वर्षं झाली. ती परवा माझ्या शेजारी बसून पडदा बघत होती, म्हणाली, “दीदी, आ शब्द पाछळ केम जाय छे? ताल पर लई लो ने.” मी म्हटलं, मागे का जातो ते बघते. एक बटण दाबलं की सगळे सूर, खालच्या अक्षरांसकट, थापेवर नीट उभे राहतात. मी ते दाबलं. गाणं स्वच्छ झालं आणि तुमचं राहिलं नाही. मग परत मागे घेतलं. दुपारभर हेच चाललंय.

तुम्ही चुकत नव्हता, आबा. हे मला आज कळलं असं लिहिणार होते, पण कशाला खोटं बोलू. मी सातवीत होते. आई कामाला गेली होती आणि तुम्ही स्वयंपाकघरात कुकरसमोर उभे होतात, हातात फडकं घेऊन. शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या. मी धावत आले तेव्हा डाळ करपल्याचा वास सुटला होता, आणि तुम्ही कुकरकडे बघत शिट्टीची वाट पाहत होतात. मी गॅस बंद केला. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलंत आणि खाली बसलात. लूम्सच्या खात्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात, अठरा वर्षं उभं राहून कान गेले होते. “कोनलेच सांगू नको, बेटा. शेठले समजनं ते काढी टाकी,” म्हणालात. मी विचारलं, मग गाता कसे? तेव्हा तुम्ही हसलात, अगदी चोरी पकडल्यासारखे. “ढोलकीवर त्याना हात दखीसन गास.” हात खाली येताना दिसला की तुम्ही शब्द उचलायचात. डोळ्यांना दिसून गळ्यात यायला जेवढा वेळ लागतो, तेवढीच ती अर्धी मात्रा. म्हणून काका नेहमी तुमच्या उजव्या बाजूला, नजरेसमोर. लोकांना वाटायचं, जुनी दोस्ती आहे. संध्याकाळी आई करपलेल्या डाळीवरून तुम्हाला बोल बोल बोलली आणि तुम्ही मान खाली घालून ती डाळ खाल्लीत. मी एक शब्द बोलले नाही. तेव्हा ते शहाणपणाचं होतं.

दहावी झाल्यावर तुम्ही मला जुना कीबोर्ड आणून दिलात, दोन पट्ट्या अडकणारा. मी त्याच्यासाठी वेडी झाले होते. त्याच वर्षी मैदानात मोठा कार्यक्रम झाला, मंडप, दिवे, शूटिंगवाला कॅमेरा. मी पहिल्यांदाच तुमच्या साथीला बसले, नवा ड्रेस घालून, तुमच्या उजव्या बाजूला. ढोलकी मागे गेली. तुम्ही मंचावर आलात, उजवीकडे पाहिलंत, मला पाहून क्षणभर थांबलात आणि तरी गायला उभे राहिलात. पहिलं कडवं कसंबसं निभावलं. दुसऱ्यात तुम्ही एकीकडे, ढोलकी एकीकडे. तुम्ही मान वळवून मागे बघायचात, तेवढ्यात तोंड माइकपासून लांब जायचं. तिसऱ्या कडव्याला समोरून कुणीतरी ओरडलं, “अरे, चढवीसन येल शे!” आणि हशा पिकला. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, त्याला. तुम्हाला ते शब्द ऐकू आले नाहीत, पण हसणारी तोंडं दिसली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी खाली पट्ट्यांकडे पाहत वाजवत राहिले.

घरी आल्यावर तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त म्हणालात, “तुना बाजा चांगला वाजना.” ऐकू न येता म्हणालात. त्यानंतर तुम्ही कधी गायला नाहीत. दीड वर्षाने हायवे ओलांडताना मागून ट्रक आला. ड्रायव्हरने हॉर्न दिला होता, असं सगळे सांगत होते, आणि लगेच पुढचं वाक्य तयारच होतं, पिऊन असणार, मागे नाही का मंचावर. दारात तुम्हाला ठेवलेलं असताना लोक हे बोलले. तेव्हा ना खातं उरलं होतं, ना शेठ. तरी मी गप्प. आईने ते ऐकलं आणि तेच खरं मानून पुढे अकरा वर्षं जगली. या गोष्टीची मला अजून शरम वाटते, आणि ती कमी होत नाही.

आज शेवटी मी ‘लेकीची’ मागेच ठेवला. आधी अर्ध्या मात्रेची विश्रांती टाकली, शब्दाभोवती जागा सोडली, म्हणजे गाणाऱ्याला दिसेल की ही चूक नाही, इथे थांबायचंय. खाली तळटीप टाइप केली : रचणाऱ्याला ऐकू येत नव्हतं, तो ढोलकीवाल्याचा हात पाहून गात असे. काकांची नात आत्ताच येऊन वाचून गेली. तिने आजोबांकडून त्या कार्यक्रमाचं ऐकलं होतं. मग विचारलं, “तो ते दिवसे ढोलकी पाछळ कोणे मूकी?” मी म्हटलं, मंडपवाल्याने ठेवली मागे. तिला पटलं, मान हलवून ती गेली.

हे पत्र मी घडी करून तुमच्या कॅसेटच्या डबीत ठेवणार आहे. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी हिंमत झाली नसती. ढोलकी मंडपवाल्याने हलवली नाही, आबा. कॅमेरा उजवीकडे होता. मी दिसावं म्हणून मी काकांना म्हटलं, जरा मागे बसा, आणि ते हसत उठले. त्यांना काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं.