ठंडे करायचे कागद

अब्बा, त्या सकाळी मी दुकानाची पायरी झाडली, माठ भरून ठेवला, तुमच्या बसायच्या पोत्यावरची धूळ झटकली आणि रद्दी निवडायला बसले. वर्तमानपत्रं एकीकडे, वह्या एकीकडे, पुठ्ठे मागे भिंतीला. फैजपूरहून कुठल्याशा शाळेची जुनी पुस्तकं आली होती. ती सुतळीने बांधायची सोडून मी त्यातलं एक उघडून बसले. नऊ-दहा वर्षांची असेन. उठताना एका पानावर माझा पाय पडला. तुम्ही ओरडला नाहीत. तराजू खाली ठेवलात, माझा पाय हाताने उचलून बाजूला केलात, पान उचलून त्याला फुंकर मारलीत आणि कपाळाला लावलंत. "हर्फ पे पाँव नको रखना, बेटा," एवढंच म्हणालात. हर्फ म्हणजे अक्षर. तुम्हाला स्वतःला एकही अक्षर येत नव्हतं.

येत नव्हतं म्हणूनच तुमची ती खुंटी होती. उर्दूसारखं काही दिसलं की ते पान खुंटीवरच्या कापडी पिशवीत जायचं. आत अल्लाचं नाव असलं आणि कुणाच्या पुडीला गेलं तर, ही तुम्हाला धास्ती. मदरशात मला थोडं वाचता यायला लागलं होतं. मी एकदा म्हटलं, "अब्बा, ये तो बाल काले करने के तेल का कागद है." तुम्ही म्हणालात, "तेल का होगा. नीचे कोने में क्या लिखा, तू देखी क्या?" मी पाहिलं नव्हतं. मग तेल पिशवीत गेलं. दुसऱ्या खुंटीवर दुसरी पिशवी होती, कॅलेंडरवरचे देव आणि गणपती छापलेल्या लग्नपत्रिका. समोरचा भजीवाला भाऊ तुम्हाला चिडवायचा, "चाचा, तुमच्या दुकानात सगळे देव खुंटीला टांगलेत." तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "टांगे हैं तो बचे हैं. नहीं तो तेरे भजिये का तेल पीते बैठते."

पावसाळा संपला की दोन्ही पिशव्या सायकलला अडकवून आपण गिरणा नदीवर जायचो. प्रत्येकीत दोन दगड घालून तोंड आवळून बांधायचं आणि वाहत्या पाण्यात सोडायची. याला आपल्यात ठंडं करणं म्हणतात. जळायला नको, पायाखाली यायला नको, पाण्यात शांत व्हावं. मला तो शब्द फार आवडायचा. उन्हातून आल्यावर पाण्यात पाय सोडावेत तसा वाटायचा.

तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली. मी धुळ्यात आहे, त्याच घरात, जिथे तुम्ही मला सोडून जाताना उंबऱ्यापाशी उगाच चप्पल शोधत राहिलात. तुमचे जावई सहा वर्षांपूर्वी गेले. मुलगा पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून देतो, तांब्याच्या तारेचं काम. त्याचा हात तुमच्यासारखा आहे, कुठलीही वस्तू हळू ठेवतो. खुंटी मीही लावली. शेजारच्या अक्का त्यांच्याकडच्या पत्रिका आणून देतात. "तुनी पिशवीमा टाकी दे वं, मना पोऱ्या कचरामा टाकी देस," म्हणतात. दरवर्षी पांझरेला पाणी असेतोवर मुलगा जाऊन सोडून येतो.

या वर्षीही गेला. पाणी लवकर उतरत होतं म्हणून मी त्याला फोनवर माझ्या आवाजात निरोप पाठवून ठेवला. त्याला जवळपास दगड सापडले नाहीत, तर त्याने दुकानातल्या एका जळालेल्या मोटारीचा लोखंडी तुकडा पिशवीत घातला. वर तार गुंडाळून तोंड बांधलं. तारेचा माणूस, तो सुतळी कशाला शोधेल. पुलावरून त्याने पिशवी सोडली. मागून जाणाऱ्या कुणीतरी त्याचं चित्रण केलं. दाढीवाला मुलगा, तारेने बांधलेली पिशवी, आणि पूल. दुपारपर्यंत ते, नदीत बॉम्ब टाकला म्हणून, गावभर फिरलं.

मी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते. खाली पोलिसांची गाडी थांबली. चार जण वर आले, त्यातले दोघे आपल्या गावचे नव्हते. त्यांनी पाय पुसले नाहीत. त्यांनी गव्हाचा डबा उपसला, माझी पुस्तकं एकेक झटकून पाहिली, मुलाची वायरची पेटी उचलली. एकाने तार वर धरून दुसऱ्याला दाखवली. मला म्हणायचं होतं की ती मोटारीची आहे, पण ते पेटी घेऊन जिना उतरायला लागले होते. तोवर मुलाला दुकानातून थेट नेलं होतं, हे मला खाली उतरल्यावर कळलं. अक्का दारात उभ्या होत्या. "तू भिऊ नको वं, मी शे ना," म्हणाल्या.

अब्बा, स्फोट करणाऱ्याला सोडा असं मी कधी म्हणणार नाही. बाजारात काही फुटलं तर ते नाव विचारून मारत नाही. धरा, शिक्षा करा. पण आमच्या गल्लीतला एक जण अशाच आरोपातून नऊ वर्षांनी निर्दोष सुटून आला तेव्हा त्याच्या मुलीने त्याला पाणी दिलं आणि आत जाऊन आईला विचारलं, हे काका कोण. दहशतवादाचा तो कायदा असा आहे की जामीन सहज मिळत नाही. मी पेपरात वाचलं आहे, दोनदा वाचलं. गल्लीतल्या न वाचणाऱ्या बाया रडत होत्या. मला पुढचं सगळं माहीत होतं म्हणून मला रडूही येत नव्हतं. वाचायला शिकले याचा पहिल्यांदा राग आला.

रोज सकाळी ते त्याला बोलवायचे आणि अंधार पडायच्या आत सोडायचे. तीन दिवस. तिसऱ्या दिवशी मलाही ठाण्यात बोलावलं. अक्का गुडघे धरत माझ्याबरोबर आल्या. खोलीत टेबलावर आपली पिशवी होती. त्यांनी ती पाण्यातून काढली होती आणि पानं वाळवून ओळीने मांडली होती. उर्दू जाणणारा एक म्हातारा मास्तर आणून बसवला होता. तो एकेक पान हातात घेऊन वाचत होता आणि शिपाई लिहून घेत होता. "लग्नाची पत्रिका. चपलांच्या दुकानाची जाहिरात. हे, हे दम्यावरचं औषध आहे, साहेब." पलीकडे अक्कांचे गणपती वाळत पडले होते. साहेबांनी विचारलं, "देवांचे फोटो नदीत का टाकले? भावना दुखावतात, कळतं ना?"

अक्का पुढे झाल्या. "त्या पत्रिका मन्या शेतस, साहेब. मीच दिध्यात तिले."

"अक्का, तुम्ही बाहेर बसा. तुमचा यात संबंध नाही."

"मना गणपती, आनि मना संबंध नही?"

शिपायाला हसू आलं, त्याने ते खोकल्यात दाबलं. अक्कांना बाहेर बसवलं.

मग साहेबांनी मुलाच्या फोनवरचा माझा आवाज लावला. मी तो पाठवला तेव्हा कुकरची शिट्टी होत होती, तीही ऐकू आली. "आज ही ठंडा कर दे. पानी है तब तक. पत्थर बराबर बाँधना, ऊपर नको आना चाहिए." त्यांनी तो परत लावला. मग परत. चौथ्या वेळेला, अब्बा, मलाच त्या बाईची भीती वाटली. कुणाला तरी मारून पाण्यात सोडायला सांगणारी बाई वाटत होती ती.

"कुणाला ठंडं करायचं होतं?" साहेबांनी विचारलं.

मी सांगितलं. तुमची खुंटी सांगितली, गिरणा सांगितली, केसांचं तेल सांगितलं. मी इतकं बोलले की तेही खोटं वाटायला लागलं असेल. खरं बोलणाऱ्याला इतकं बोलावं लागत नाही, असा त्यांचा चेहरा होता. त्यांनी माझा जबाब लिहवून घेतला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "सही येते का अंगठा?"

मी कागद उचलला आणि वाचायला लागले. त्यांनी घड्याळ पाहिलं. "वाचता येतं तुम्हाला? मराठी?"

"येतं."

"कुठे शिकलात?"

"रद्दीत."

तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, ठंडा करणे म्हणजे संपवणे. मी त्यावर बोट ठेवलं. "हे मी बोलले नाही," मी म्हटलं. ते म्हणाले, "अर्थ तोच होतो ना." मी म्हटलं, "नाही होत, साहेब. कागद पाण्यात सोडणे, असं लिहा." मास्तर खाली मान घालून चपलांची जाहिरात वाचत बसला होता. शेवटी साहेबांनी ती ओळ खोडायला लावली, वर माझं म्हणणं लिहवलं, आणि मी सही केली. तुम्ही कधी विचारलं नाहीत, मुलगी नुसती वाचत बसते, त्याचा उपयोग काय. तो उपयोग एका ओळीचा झाला.

मुलगा घरी आला. सुटला, असं गल्लीतले म्हणतात. पण फोन त्यांच्याकडेच आहे आणि दर सोमवारी त्याला हजेरीला जावं लागतं. सण आला की बोलावतात, कुणी मोठा माणूस गावात येणार असला की बोलावतात. त्याचं नाव एका यादीत आहे. यादीत नाव कसं जातं ते कळलं, कसं निघतं ते कुणाला ठाऊक नाही. एक गिऱ्हाईक दुरुस्त झालेली मोटार तशीच ठेवून गेलं, परत आलं नाही. मुलाने दाढी काढली. जेवताना सारखा हनुवटीवर हात जात होता. परवा नव्या फोनवरून म्हणाला, "अम्मी, आज डब्बा ठंडा..." आणि फोन कापला. घरी आल्यावर आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो. आता आम्ही फोनवर हो म्हणतो, नाही म्हणतो, आणि ठेवतो. अक्का येतात, बसतात, पण पत्रिका आणत नाहीत. मी विचारत नाही.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं आहे. तुम्ही गेलात तेव्हा दुकानातल्या खुंटीवर एक पिशवी अर्धी भरलेली होती. ती मी इकडे आणली, पण कधीच सोडली नाही. तिच्यातलं प्रत्येक पान तुम्ही निवडलेलं, फुंकर मारून ठेवलेलं. त्या दिवशी ती माळ्यावर गोधडीत होती म्हणून त्यांना दिसली नाही. गेल्या सोमवारी ते मुलाला म्हणाले, एकदा परत घर बघायला येऊ. तेव्हापासून गाडीचा आवाज आला की मी माळ्याकडे बघते. नदीवर नेता येत नाही. जाळणं माझ्याने होणार नाही. अक्कांना द्यावी तर त्यांच्या दारात गाडी थांबेल. आज दुपारी ती खाली काढली, तोंड सोडलं. वरच तसाच एक केसांच्या तेलाचा कागद होता. मी खालचा कोपरा पाहिला. दुकानदाराच्या नावात अब्दुल्ला होतं, म्हणजे आत अल्लाचं नाव होतंच. तुमचं बरोबर होतं, अब्बा. मग पिशवी मांडीवर घेऊन तुम्हाला हे लिहायला बसले. पाठवायचं कुठे, आणि पाठवलं असतं तरी तुम्हाला दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवायला लागलं असतं.

काल इथवर लिहिलं होतं. आज सकाळी घंटागाडी आली. मी पिशवीवर जुनी ओढणी गुंडाळली आणि खाली नेली. गाडीवरच्या माणसाने हात पुढे करून विचारलं, "ओला का सुका?"

"सुका," मी म्हटलं.