बारावा इलेक्ट्रॉन

सोम. १४ जुलै, स. १०.४०

…आणि डस्टर भिंतीला लागायच्या ऐवजी शेषाद्रीच्या चष्म्याला लागलं. नेम भिंतीचाच होता. मधे यायची गरज नव्हती. काच फुटली, भुवई फुटली. रक्त फार नाही.

अकरावीचा तास. नायट्रिक ऑक्साइड. मी नेहमीची आकृती काढली. नायट्रोजन, ऑक्सिजन, मधे दोन जोड्या सामाईक, दोघांभोवती आठ-आठ इलेक्ट्रॉनचे ठिपके, सामाईक एकदाच धरले की बारा. सुबक. कनका उठली. म्हणाली, सार, नायट्रोजनचे पाच अधिक ऑक्सिजनचे सहा, पदिनोन्नु, अकरा. फळ्यावर बारा आहेत, बारावा कुठून आणला? म्हटलं, मी दिला. वर्ग हसला. मग डस्टर.

एकोणीस वर्षं बारा काढतोय. एकाही अणूची तक्रार नाही.

सायं. ६

प्रिन्सिपल विद्यालक्ष्मी मॅडमनी बोलावलं. शुक्रवारी हाच धडा पुन्हा घ्यायचा. शेषाद्रीचे वडील मागच्या बाकावर बसणार. आधी मुलाची माफी, मग बरोबर आकृती. नाही जमलं तर राजीनामा टाइप करून ठेवलाय म्हणाल्या. म्हटलं, टाइपिंग वाया जाणार.

संकल्प: हिंसा बंद. राग आला की आठपर्यंत मोजायचं. आठ पूर्ण झाले की अणू शांत होतो. मी का नाही?

मंगळ. १५

बायकोला, क्षमाला, माफीचं वाक्य म्हणून दाखवलं. म्हणाली, अहो, ही धमकी वाटतेय. तीनपर्यंत मोजलं. मिक्सरच्या भांड्याला पोचा. जुनंच होतं.

बुध. १६

पुस्तक उघडलं. अकरा. छपाईची चूक. दुसरं उघडलं. तिथेही अकरा. एकमेकांचं बघून छापतात. दुसरं वर फेकलं. पंखा चालू होता. पानं हॉलभर.

क्षमाने एक पान उचलून वाचलं. अकरावा इलेक्ट्रॉन जोडीशिवाय राहतो, म्हणून बंध ना दोन ना तीन, अडीच. म्हणाली, यात चिडण्यासारखं काय आहे, राहतो एखादा. म्हटलं, एकटा राहिला की दिसेल त्याला जाऊन धडकतो, त्याला शिस्त लावावी लागते. तिने टेबलावरचे काचेचे ग्लास उचलून आत नेऊन ठेवले. का, कळलं नाही.

गुरु. १७

लॅबमधून सीलबंद नळी घरी आणली. येताना पेरुंगुडी सिग्नलला एका बाइकवाल्याने कट मारला. पाचपर्यंत मोजलं. मग त्याचा आरसा. नळीला धक्का नाही. कंट्रोल आहे.

नळीत नायट्रोजन डायऑक्साइड. तपकिरी. यातही एक इलेक्ट्रॉन सुटा. पण बर्फात ठेवलं की दोन-दोन रेणू आपापला सुटा इलेक्ट्रॉन पुढे करून जोडले जातात, रंग जवळजवळ जातो. म्हणजे शेवटी जोडीच. मी बारावा दिला तो फक्त घाईने.

संध्याकाळी करून पाहिलं. तपकिरी फिकट होत गेलं. क्षमा शेजारी येऊन उभी राहिली. खूप दिवसांनी. म्हणाली, छान आहे. शुक्रवार खिशात.

शुक्र. १८, दु. २

माफी मागितली. शेषाद्री एक बाक मागे सरकला. जागा कमी असेल. फळ्यावर अकरा ठिपके काढले. अकरावा जरा वाकडा आला, खडू स्वस्तातला. बर्फाचं भांडं टेबलावर ठेवलं, नळी हातात धरून बोलू लागलो. मॅडम म्हणाल्या, बर्फ वितळतोय. म्हटलं, आधी थिअरी. कनका म्हणाली, सार, तुमच्या मुठीत ती गरमच राहणार, जोडी कशी होईल?

वर्ग हसला. शेषाद्रीसुद्धा, भुवईवरच्या पट्टीसकट.

सातपर्यंत पोचलो. हे नोंदवून ठेवतो. मग काच फुटली. मुठीतच. मी काही केलं नाही. तपकिरी धूर, खोकला, बाकं उलटली, सगळे दाराकडे. मुलांना तपासून घरी सोडलं. मला शेषाद्रीच्या वडिलांनी कॉलर धरून बाहेर ओढलं. सोडा, मी शांत आहे, असं सांगताना त्यांच्या नाकाला माझं कोपर लागलं.

शनि. १९, सकाळ

डाव्या हाताने लिहितोय. उजव्या तळव्याला टाके. बारा असावेत. क्षमाने पट्टी बदलताना मोजले. अकरा. वाद घातला नाही.

नऊच्या सुमाराला शाळेचा शिपाई टाइप केलेला कागद घेऊन आला. सही केली.