न टोचणारा पट्टा

रविवार, ९ नोव्हेंबर

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे मजेत. सवयीने 'सगळे' लिहिलं. सगळे म्हणजे मी एकटीच.

तू पाठवलेला पट्टा मनगटावर असतो. आत हिरवा दिवा लुकलुकतो आणि रक्ताचा थेंबही न काढता साखरेचा आकडा दाखवतो. तुझ्या फोनवरही तो जातोच, म्हणजे चोरून काही खायची सोय नाही. टोचणं नाही, दुखणं नाही. छान झालं म्हणायचं.

आता खालच्या मजल्यावरची तुझी काकू. सासूबाईंच्या शिलाई मशीनवरून आम्ही दोघी जावा बोलायच्या थांबलो, ते तुला ठाऊकच आहे. मशीन तिच्याकडे गंजतंय आणि मला शिवता येत नाही, तरीही! पण माझे हात थरथरायला लागले, साखर बघायला स्वतःचं बोट टोचता येईना, तेव्हापासून ती रोज सकाळी वर यायची. जन्मभर नर्स होती, तिला बघवलं नसेल. एक अक्षर न बोलता माझा हात हातात घ्यायची, बोट चोळून गरम करायची आणि सुई टोचायची. जरा जोरातच, मशीनचा राग तेवढाच निघत असेल. मग आकडा सांगायची, "एकशे साठ." मी म्हणायची, "बरं." झालं आमचं बोलणं. एकदा आकडा फारच चढला तर डोळे वटारून म्हणाली, "काय गिळलंत?" मला दिवसभर बरं वाटत होतं.

पट्टा आला तेव्हा तिने तो उलटसुलट करून पाहिला. "आता माझं काय काम?" म्हणाली, सुयांची डबी मिटली आणि खाली गेली. थांब म्हणायला हवं होतं, पण जीभ रेटेना. तेव्हापासून माझा हात कुणी हातात घेतलेला नाही, चिंगे. फार एकटं वाटतं. सकाळी जिन्यात पाऊल वाजलं की मी अजून बोट चोळत बसते. पेपरवाला असतो.

तर एक काम कर. काकूला फोन कर. पट्ट्याबरोबरच्या कागदात लिहिलंय की आकडा अधूनमधून रक्ताशी ताडून पाहावा. त्यातलं 'अधूनमधून' तेवढं गाळ, रोज म्हण. मी सांगितलंय हे मात्र कळू देऊ नकोस.

आणि मशीन तिचंच, हेही सांग. नको, ते राहू दे. तिने हात धरला की मीच सांगेन.

दाराची कडी काढून बसलेली,
तुझी आई