आडरस्त्याने धुळे

८ ऑक्टोबर, जळगाव

उद्या निघतोय! प्रशीलने गाडी धुतली म्हणे. म्हणजे यंदा प्रकरण गंभीर आहे.

नियम तेच. हायवेला चाक लावायचं नाही. फोन डिकीत. फाटा आला की जो गाडी चालवत नाही तो डावं-उजवं सांगणार, चालवणाऱ्याने वाद घालायचा नाही. जळगावहून धुळ्याला लोक सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात. आम्हाला नुसतं पोचायलाच दोन दिवस लागतात. मी बातमीदार, तो फोटोग्राफर – वर्षभर दुसऱ्यांच्या घाईमागे पळायचं. शरदात दोन दिवस कुणाच्याच मागे नाही.

नूतनने चिवडा बांधून दिला. भलत्या ठिकाणी खाऊ नका, हे दरवर्षीचं वाक्य यंदा विसरली.

९ ऑक्टोबर, चोपडा, लॉजवर

आधी चांगलं लिहितो.

तापी ओलांडून यावल. पुढे दोन्ही बाजूंना केळी आणि मधे जेमतेम एक गाडी जाईल एवढा रस्ता. संस्कृत कवींनी शरदाला काय काय दिलं – हंस, कमळं, धुतलेलं आकाश. पण केळीच्या ट्रकमागे अडकणं त्यांच्या नशिबी नव्हतं. आम्ही अडकलो! वर बसलेल्या मजुराने आमच्या बॉनेटवर दोन केळी टाकली. प्रशील म्हणाला, "पंडित, घ्या. पुष्पवृष्टी."

पुढे एका वस्तीपाशी अख्ख्या रस्त्यावर मका वाळत घातलेला. एका आबांनी खराट्याने आम्हाला वाट करून दिली आणि आम्ही सरकताच मागून मका परत पसरला. वळून पाहिलं तर रस्त्यावरून कुणी गेल्याची खूण नाही. हेच तर सुख! नाल्यात काशाच्या गवताचे पांढरे तुरे, उजवीकडे सातपुडा हात लावावा इतका जवळ. वीस वर्षं हे पाहतोय, पण याची बातमी कधी केली नाही. काही गोष्टी छापायच्या नसतात.

किनगावच्या पुढच्या फाट्यावर मी तोंड उघडायच्या आत प्रशीलने उजवीकडे वळवलं. नियमभंग. माफ केला. भूक लागली असेल.

आता दुसरं.

अडावदच्या अलीकडे मळ्याच्या कडेला आक्काबाई म्हणून एकींचं खाणावळीचं छप्पर. मी पहिल्यांदाच पाहिलं. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली हिरवी वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. आमच्या घरी कार्तिकीपर्यंत वांगं येत नाही. नूतनचा चातुर्मास – लग्न झाल्यापासून एकदाही मोडलेला नाही. माझा मात्र दरवर्षी याच सहलीत मोडतो. भरीत पुढ्यात आलं, पहिला घास घेतला, आणि आक्काबाई प्रशीलला म्हणाल्या,

"भाऊ, आज ताई नही उनी का?"

प्रशील भाकरी मोडायला लागला. मला तर मौजच वाटली – आधी कुणी ताई याच्यासोबत आली होती म्हणजे याची भानगड, या वयात! मी आक्काबाईंना विचारलं, कशी होती हो ताई? जाड की बारीक?

"चांगली शे ना. वांगं नको म्हने, देव उठत नही तवलोंग. नुसती भाकर खादी, मिरचीसंगे. चूलपाशी बसीसन एक भाकर थापी बी गई."

प्रशील बौद्ध. त्याच्या घरी चातुर्मास कुणी पाळत नाही. देव उठेपर्यंत वांगं सोडलेल्या बायका जिल्ह्यात हजारो असतील. प्रशीलच्या गाडीत बसेल अशी मला एकच माहीत आहे.

गणपती गेले त्या आठवड्यातली गोष्ट. दोघं धुळ्याला निघाली होती. हेही आक्काबाईंनीच सांगितलं. त्या आठवड्यात नूतन भुसावळला मावशीकडे गेली होती. असं मी समजत होतो.

भरीत संपवलं. कसं, माहीत नाही.

१० ऑक्टोबर, धुळे, बसस्टँडवर

चोपडा ते अमळनेर नुसतं डावं, उजवं. वाईट म्हणून जे जे असतं ते सगळं मनात येऊन गेलं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला शोभत नाही. आलं.

बेटावदला चहा घेताना विचारलं, कशासाठी?

"वहिनींना विचार."

मी तुला विचारतोय.

"मी त्यांना शब्द दिलाय, पंडित."

आणि मला? वीस वर्षं फाट्याफाट्यावर मी म्हणेन तिकडे वळलास, तो काय होता? – हे बोललो नाही. इथे लिहितोय.

नरडाण्याला कारखान्यांच्या शेडी दिसायला लागल्या, पलीकडे हायवे. म्हणालो, हायवे घे. त्याने माझ्याकडे पाहिलं. नियमाप्रमाणे वाद घातला नाही. ट्रकांच्या रांगेत घुसलो आणि बघता बघता धुळं आलं! इतकं जवळ आहे हे.

बसस्टँडवर उतरलो. चिवड्याचा डबा गाडीतच राहिला.

११ ऑक्टोबर, जळगाव

विचारलं. तिने सांगितलं. आवाज चढला नाही – दोघांचाही.

धुळ्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात तिला काम मिळालंय. दिवाळीनंतर रुजू. प्रशील तिला मुलाखतीला घेऊन गेला होता. येताना खोली पाहिली, ठरवली. आडरस्त्याने गेले, कारण हायवेवरच्या प्रत्येक बसचा कंडक्टर मला ओळखतो, प्रशीलच्या गाडीलाही.

म्हणालो, रोज जाऊन-येऊन करता येतं. लोक करतात.

"येतं," म्हणाली.

मग शनिवारी येशील?

"बघू."

मला का नाही सांगितलंस? तर म्हणे तीनदा सांगितलं. एकदा मी म्हणालो, धुळ्याच्या ग्रंथालयात पुस्तकं कमी, धूळच जास्त. एकदा म्हणालो, पगाराचा पहिला चेक फ्रेम करू. तिसऱ्यांदा काय म्हणालो, ते तिने सांगितलं नाही. मला यातलं एकही आठवत नाही. "तुम्हाला काहीही सांगितलं की त्याची गंमत होते. प्रशीलभाऊंनी ऐकून घेतलं," म्हणाली.

ऐकून घेतलं! आणि गाडीही काढली. जिल्ह्यात कुणाच्या घरात काय शिजतंय हे लोक मला विचारतात, आणि माझ्या घरातलं मला अडावदच्या चुलीवर कळतं.

१४ ऑक्टोबर

प्रशीलचे फोन. उचलत नाही.

१७ ऑक्टोबर

ऑफिसात समोर आला. फोटो टेबलावर ठेवले. मी फोटोंखालच्या ओळी लिहून दिल्या. "पंडित," एवढंच म्हणाला. मी पंखा वाढवला.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

प्रशील फराळाला आला नाही. मी बोलावलं नव्हतं. नूतनने त्याच्यासाठी डबा भरला – करंज्या, शेव, सगळं. ती तो घेऊन पायऱ्या उतरून गेली, मी दारात उभा राहून पाहिलं. त्याच्या डब्यात आमच्यापेक्षा चकल्या जास्त होत्या. हेही लिहायची वेळ आली!

भिंतीपाशी दोन बॅगा.

२६ ऑक्टोबर

उद्या जाते. साड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली – तुम्हाला यंदा त्याच रस्त्याने न्या, त्याच छपरापाशी थांबवा, हे मीच प्रशीलभाऊंना सांगितलं होतं. ते नको म्हणत होते. आक्काबाई विचारणार, हे मला माहीत होतं.

"घरातलं मी सांगितलं की तुम्ही हसता. बाहेरून कळलं की ऐकता."

हातातली साडी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. मला एक कोटी सुचली होती. चांगली होती. गिळली. विचारलं, खोलीला खिडकी आहे?

"दोन आहेत," म्हणाली, आणि बॅगेशेजारी बसली.